डाव्या बाजूचा आरसा

पिकअप आमच्या गॅरेजमध्ये आली तेव्हा तिच्या उजव्या दाराशी आरसा होता, डावीकडे नव्हता. सत्तरी ओलांडलेल्या गाडीचं काही ना काही गळून पडलेलं असतंच, म्हणून मी कामाच्या वहीत ‘डावा आरसा हरवला’ असं लिहिलं आणि पुढच्या ओळीला लागलो. चार दिवसांनी दारांच्या बिजागऱ्या सोडवल्या, रंग उतरवला, आणि ती नोंद चुकीची निघाली. उजव्या वरच्या बिजागरीवर आरशाचा दांडा धरणारी दोन भोकं होती आणि त्यांचे आटे वापरून वापरून गुळगुळीत झाले होते. डाव्या बिजागरीवरही तशीच दोन भोकं होती, पण त्यांत जुन्या रंगाची बुचं बसली होती. ती सुईनं कोरून काढली तर आत आटे कोरे करकरीत. तिथं कधी बोल्ट गेलाच नव्हता. मी वहीतला ‘हरवला’ खोडून ‘कधीच नव्हता’ असं लिहिलं.

गाडी १९५१ सालची शेव्रोले ३१००. अर्ध्या टनाची, चाकांमधलं अंतर ११६ इंच, २१६ घनइंचांचं सहा सिलिंडरचं इंजिन, पुढं पाच आडव्या पट्ट्यांची जाळी. ‘अ‍ॅडव्हान्स डिझाइन’ या नावानं १९४७ साली ही बांधणी आली आणि १९५५पर्यंत चालली. जनरल मोटर्सचा मुंबईत शिवडीला जोडणीचा कारखाना होता. १९२८ साली तो सुरू झाला आणि १९५४ साली बंद झाला. ही गाडी शिवडीचीच, असं मालकाच्या घरात तीन पिढ्या सांगत आलेत. स्टिअरिंग अर्थात उजवीकडे. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचा सगळा घोळ त्याच्यापाशी येऊन थांबतो.

पुण्याबाहेर माझं गॅरेज आहे आणि चौतीस वर्षं मी जुन्या गाड्या उभ्या करतो. येतात त्या बहुतेक मोटारी. पिकअप फार क्वचित येते, कारण मोटारीला लोक झाकून ठेवतात आणि पिकअपला मोडेपर्यंत राबवतात. ही गाडी कराडजवळच्या एका गावातली. गुळाच्या ढेपा बाजारात न्यायला घेतलेली, नंतर ऊस, खत, कडबा, लग्नाचं वऱ्हाड, जे समोर येईल ते तिनं वाहिलं. मालक म्हणजे गाडी घेणाऱ्याचा नातू, पस्तिशीतला शिकलेला मुलगा. मला ‘काका’ म्हणतो. त्यानं पहिल्याच दिवशी मोबाइलवर एक फोटो दाखवला. अमेरिकेतली अशीच गाडी, लालभडक, आणि तिच्या दोन्ही दारांना पाटीएवढे उभे चौकोनी आरसे, तीन तीन दांड्यांवर तोललेले, नखशिखान्त क्रोम. “काका, आपल्याला असे पाहिजेत.”

ते आरसे मला ठाऊक होते. अमेरिकेत त्यांना ‘वेस्ट कोस्ट’ म्हणतात. मागे भलंमोठं धूड जोडलेलं असेल तर ट्रकच्या ड्रायव्हरला त्याच्या कडेनं मागचं दिसावं म्हणून ते तेवढे उंच आणि तेवढे बाहेर काढलेले असतात. आपल्या गाडीच्या मागं असलं काही नव्हतं. शिवाय १९५१-५२च्या आसपास कोरियाच्या युद्धामुळे अमेरिकेत निकेलवर निर्बंध आले होते आणि निकेलशिवाय चांगलं क्रोम बसत नाही, त्यामुळे चकचकीत असायचे ते कितीतरी भाग त्या वर्षांत रंगवूनच बाहेर पडले. आपल्या गाडीच्या उजव्या आरशाचा दांडा तर काळ्या रंगाचाच होता. मी त्याला एवढंच म्हटलं, “आधी आहे तो नीट करू. मग बघू.”

आहे त्याची अवस्था अशी होती. पाच इंच व्यासाचा गोल आरसा, मागं पत्र्याची वाटी, पुढून काच धरणारं पितळी कडं. दांडा म्हणजे अर्ध्या इंची पोकळ नळी, मधोमध कधीतरी तुटलेली आणि शेताच्या कडेलाच कुणीतरी आत सळई घालून वेल्डिंगनं जोडलेली. काचेचा पारा कडेकडेनं उडालेला. बिजागरीतले आटे का गेले ते बोल्ट हातात घेतल्यावर कळलं. ते व्हिटवर्थचे होते. दोन सुती व्हिटवर्थ बोल्ट आणि दोन सुती अमेरिकन बोल्ट यांना इंचाला वीसच आटे असतात, त्यामुळे एकात दुसरा खुशाल शिरतो. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन आट्याचा ६०. घट्ट बसल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात धारेवर टेकलेलं असतं, आणि प्रत्येक खड्ड्यागणिक आटा थोडा थोडा झिजतो. पूर्वी आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळायचे ते व्हिटवर्थच. ज्यानं ते घातले त्याला दोष देण्यात अर्थ नाही. मी भोकं थोडी मोठी केली, आत नव्या आट्यांची पुंगळी बसवली आणि योग्य बोल्ट घातले.

गंजावर मी अ‍ॅसिड वापरत नाही. वाटी आणि बिजागऱ्या मळीत बुडवल्या. एक भाग उसाची मळी, नऊ भाग पाणी, वर झाकण, आणि रोज एकदा हलवायचं. मळीतले घटक गंजाला धरून सोडवतात आणि चांगल्या लोखंडाला जवळजवळ हात लावत नाहीत. वेळ मात्र लागतो. आम्हाला अकरा दिवस लागले, आणि त्या अकरा दिवसांत गॅरेजला आंबल्यासारखा जो वास सुटतो तो सोसावा लागतो. मळी मालकानंच गावाकडून जनावरांच्या खाद्यातली आणली होती. ज्या उसाच्या पैशावर ही गाडी आली त्याच उसानं तिचा गंज काढला, याचं त्याला फार अप्रूप वाटलं, आणि मलाही. आरसा दांड्यावर आवळणारा क्लॅम्प तेवढा जस्ताच्या ओतकामाचा होता. तो मी मळीपासून लांब ठेवला, कारण जस्त त्यात खाल्लं जातं.

दांड्याच्या टोकाला एक गोळा असतो. आरशाची वाटी क्लॅम्पनं त्या गोळ्यावर बसते आणि हवी तशी फिरवून घट्ट करता येते. तो गोळा पुसून उजेडात धरला तर एका बाजूला बोटाच्या पेराएवढा भाग सपाट झिजलेला. म्हणजे वर्षानुवर्षं आरसा एकाच कोनात राहिला होता. मी त्या झिजेवर वाटी बसवून पाहिली आणि सीटवर जाऊन बसलो. मला आरशात रस्ता दिसेना, दिसलं ते गाडीचं मागचं चाक आणि त्याच्याखालची जमीन. मग सीट पुढं ओढली, पाठ वाकवली, मान खाली घेतली, तेव्हा कुठं मागचा रस्ता आरशाच्या मधोमध आला. ही गाडी चालवणारं माणूस माझ्याहून अर्धा फूट तरी ठेंगणं होतं आणि स्टिअरिंगला अगदी खेटून बसायचं.

मालकाला विचारलं, तुमचे आजोबा उंचीनं लहान होते का? तो म्हणाला, “आजोबा सहा फूट. ही आत्या असणार.”

आरशाची काच बाजारात पन्नास रुपयांत गोल कापून मिळते. तरीही मी जुनीच काच पुन्हा चांदी चढवून वापरायची ठरवली, कारण तिची कड हातानं घासलेली होती आणि पितळी कड्यात ती जशी बसायची तशी नवी बसत नव्हती. आपण अजून ‘आरशाचा पारा उडाला’ म्हणतो. ती भाषा कथिल-पाऱ्याच्या लेपाच्या काळातली. १८३५ साली युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं काचेवर चांदी बसवण्याची रीत शोधली आणि पुढं आरशांतला पारा गेला, नाव तेवढं राहिलं. रीत अवघड नाही, चिकाटीची आहे. काचेवरचा जुना रंग आणि चांदी उतरवायची, खडूच्या भुकटीनं काच इतकी घासायची की पाणी ओतलं तर थेंब न होता सलग पापुद्रा पसरावा. मग कथिलाच्या क्षाराचं पातळ पाणी, मग डिस्टिल्ड वॉटर. एका भांड्यात सिल्व्हर नायट्रेटमध्ये थेंब थेंब अमोनिया, दुसऱ्यात ग्लुकोजचं पाणी. दोन्ही एकत्र करून काचेवर ओतलं की आधी तपकिरी ढग येतो, मग काळसर, आणि मिनिटा-दोन मिनिटांत त्या काळ्यातून अचानक आपला चेहरा वर येतो. मी हे कितीतरी वेळा केलंय, तरी त्या क्षणी दुसरीकडे बघवत नाही. उरलेलं द्रावण मात्र लगेच निकामी करून टाकावं लागतं. चांदी आणि अमोनियाचं पाणी साठवून ठेवलं तर त्यात स्फोटक पदार्थ तयार होतो. माझ्याकडे काम शिकणाऱ्या प्रत्येक पोराला मी हे पहिल्या दिवशी सांगतो.

पहिली काच माझ्याच चुकीनं वाया गेली. कड्याबरोबर आतूनही आधार असावा म्हणून मी वाटीत साधं सिलिकॉन लावून काच चिकटवली. ते सिलिकॉन वाळताना व्हिनेगरसारखा वास येतो, कारण त्यातून अ‍ॅसेटिक आम्ल सुटतं. मागच्या रंगातून ते आम्ल चांदीपर्यंत पोचलं आणि तीन आठवड्यांत काचेच्या मधोमध पिंगट डाग उमटला. सगळं पुन्हा उतरवलं, पुन्हा चांदी चढवली, वर तांब्याचा थर, त्यावर रंगाचे दोन हात, आणि या खेपेला काच नुसत्या नमद्याच्या पॅकिंगवर, कड्याच्या दाबानं बसवली. १९५१ साली ती तशीच बसवलेली होती. जुन्या कारागिरानं एखादी गोष्ट का केली नाही याचा विचार करायला हवा होता. तो मी केला नाही.

मग थरथर. गाडीचं इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी आरशातलं चित्र विरघळायचं. आरसा एक अंश हलला की परतणारा किरण दोन अंश वळतो. तीस मीटर मागच्या गाडीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की आरसा एका अंशानं हलला तर ती गाडी जवळजवळ एक मीटर बाजूला सरकलेली दिसते. दांड्याला अंशाच्या दहाव्या भागाएवढा कंप असला तरी मागच्या माणसाचा चेहरा पुसला जातो. जुन्या सळईच्या जोडामुळे दांडा मध्येच जाड, पुढं बारीक असा झाला होता. मी नळी नवी घेतली, जाड भिंतीची, आणि लांबी बारा इंचांवरून नऊवर आणली. दांड्याचा ताठपणा लांबीच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात जातो, त्यामुळे तीन इंचांनी लांबी घटवली की तो दुपटीहून जास्त ताठ होतो. हे मी आधी कागदावर मांडलं, आणि दांडा बसवल्यावर चित्र स्थिर झालं तेव्हा त्या कागदावरचा विश्वास वाढला. गोळा लेथवर नवा काढला, कारण झिजलेला गोळा आरसा धरून ठेवू शकत नव्हता. जुना गोळा फेकला नाही.

आता डावी बाजू. मालक अजून त्याच्या फोटोवर अडून होता. माझं मन वेगळ्या कारणानं अडलं होतं. जिथं कंपनीनं, घरानं, कुणीच आरसा बसवला नव्हता तिथं मी तो बसवावा का? त्या काळात ड्रायव्हरच्या बाजूचा एक आरसा गाडीबरोबर यायचा, दुसरा हवा असेल तर पैसे देऊन घ्यायचा. पन्नास वर्षांवरच्या खाजगी वापराच्या गाड्यांसाठी १५ जुलै २०२१ला केंद्र सरकारनं व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले, त्यात गाडी मूळ रूपात हवी असं म्हटलंय, पण त्यातला भर सांगाडा, बॉडी आणि इंजिन यांवर आहे. आरशानं काही बिघडत नाही. मला आडवी येत होती ती माझीच शिस्त. जे नव्हतं ते घालायचं नाही, यावर मी चौतीस वर्षं चाललो.

या टप्प्यावर आत्या आल्या. घरात त्यांना सगळे ‘आक्का’ म्हणतात, मीही तेच म्हणू लागलो. वय ऐंशीच्या आसपास, नऊवारी, डोळ्यांची ऑपरेशनं झालेली, चाल ताठ. बाप आजारी पडला तेव्हा भाऊ शिकायला बाहेर होता, म्हणून अठराव्या वर्षी त्यांनी ही गाडी हाती घेतली आणि सहा-सात हंगाम गुळाच्या ढेपा बाजाराला पोचवल्या. मी त्यांना हात देऊन सीटवर बसवलं. त्यांनी सवयीनं सीट पुढं ओढली, उजव्या आरशाकडे एक नजर टाकली आणि म्हणाल्या, “आरसा झाक झालाय रं, पर ह्यात मला माझाच दंड दिसतुया.” मी क्लॅम्प सैल केला. त्यांनी आरसा स्वतः फिरवला आणि ‘हां’ म्हणाल्या. नंतर मी जुना गोळा शेजारी धरून पाहिला. झीज होती तोच कोन.

मग मी विचारलं, “आक्का, डावीकडं आरसा नव्हता. मग तुम्हाला दिसायचं कसं?”

“डावीकडं आरसा कशाला? डावीकडं किलीनर हुता की.”

आणि त्यांनी सांगितलं. आतला आरसा असून नसल्यासारखा, कारण मागच्या काचेतून दिसायचं ते ढेपा भरेपर्यंतच. उजवीकडचं आक्का बघायच्या, डावीकडचं क्लीनर. तो खिडकीतून अर्धा बाहेर निघालेला असायचा. डाव्या कडेला खड्डा किती आहे, बैलगाडी किती लांब आहे, चाक मोरीच्या कठड्याला लागतंय का, हे सगळं तो दारावर थापा मारून सांगायचा. एक थाप म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. एसटीच्या घंटीसारखंच. थापा जोरात पडल्या तर घाई करायची, हळू पडल्या तर जपून. “त्याला सायकलवालं पोरगं दिसलं की थाप कशी पडायची त्ये मला न बघताबी कळायचं,” त्या म्हणाल्या.

मी लगेच डाव्या दाराकडे पाहिलं. दार तोवर प्रायमर मारून तयार होतं. खिडकीच्या खाली पत्र्याला एक उथळ खोलगा होता आणि तिथला रंग पार पत्र्यापर्यंत झिजलेला होता, हे मला आठवत होतं. आमच्या डेंटर मिस्त्रीनं मला दाखवलंही होतं. कोपर टेकून झालं असेल असं म्हणून मीच तो भरून काढायला सांगितला होता. मिस्त्रीनं तो इतका सफाईनं उठवला की हात फिरवूनही जागा सापडत नव्हती. आक्का उतरल्या आणि त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. पण काही बोलल्या नाहीत. माझ्या कामात मी आजवर ज्या गोष्टी पुसून टाकल्या त्यांतली ही मला सर्वांत जास्त लागते. पत्रा परत ठोकून खोलगा करता येतो, पण ती त्या माणसाच्या हाताची झीज होणार नाही.

मोटारींच्या इतिहासात आरसा असाच माणसाच्या जागी आला. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत इतर गाड्यांत ड्रायव्हरशेजारी मेकॅनिक बसायचा आणि मागून कोण येतंय ते तो सांगायचा. रे हॅरून मात्र त्यांच्या ‘मार्मन वास्प’मध्ये एकटेच होते. शेजारी माणूस नसेल तर मागचं दिसणार कसं, अशी तक्रार झाली, म्हणून त्यांनी गाडीवर आरसा चढवला, आणि शर्यत त्यांनीच जिंकली. विटांच्या त्या मैदानावर आरसा इतका थरथरत होता की त्यात काही दिसत नव्हतं, असं पुढं त्यांनीच सांगितल्याचं मी वाचलंय. बारा इंची दांड्यावरचा आमचा आरसा पाहिल्यावर मला ते शंभर टक्के पटलं. आक्कांना मी ही गोष्ट सांगितली तर त्यांनी विचारलं, “मग त्या मेकॅनिकाचं पुढं काय झालं?” याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

प्रश्न तोवर बदलला होता. डावीकडे काहीच नव्हतं असं मी धरून चाललो होतो, पण तिथं दोन डोळे होते. आता ते नाहीत. मालकाला गाडी एकट्यानं चालवायची आहे, आणि आजच्या कराड-पुणे रस्त्यावर डाव्या बाजूनं घुसणाऱ्या दुचाक्या आक्कांच्या काळात नव्हत्या. माझी शिस्त राखण्यासाठी ती जागा मोकळी ठेवली तर गाडी मूळ रूपात दिसेल, चालेल मात्र आंधळी. मी आरसा बसवायचं ठरवलं. कसला, हे ठरवायला आणखी महिना गेला.

आधी मालकानं अमेरिकेतून डावा दांडा मागवला. दांडा चांगला होता, पण तो डावीकडे बसलेल्या ड्रायव्हरसाठी केलेला. त्याच्यावर उजव्यासारखाच पाच इंची सपाट आरसा लावला आणि उजव्या सीटवर बसून पाहिलं. फार थोडं दिसलं. हिशेब सोपा आहे. उजवा आरसा डोळ्यापासून सत्तर सेंटिमीटरवर आहे, डावा एक मीटर चाळीसवर. तेवढाच आरसा दुप्पट लांब गेला की डोळ्याला निम्मा होतो. वीस मीटर मागं रस्त्याचा किती रुंद पट्टा दिसतो हे ढोबळमानानं मांडलं तर उजव्यात पावणेचार मीटर, डाव्यात दोन मीटरही नाही. त्या दोन मीटरांत निम्मी तर आपलीच गाडी. मोठा आरसा लावला तर दिसेल, पण मग मालकाच्या फोटोतली पाटी आली आणि तेवढ्या वजनाला पुन्हा लांब दांडा, आधाराच्या काड्या, थरथर. जुन्या बिजागरीवर तो भार मला नको होता. दाराला भोकं पाडायची तर नव्हतीच.

उरला फुगीर आरसा. आकार तोच, पाच इंची गोल, वाटी तीच, लांबून पाहणाऱ्याला जोडी वाटेल अशी. काच मात्र बहिर्वक्र. नाना पेठेत अशा काचा ढिगानं मिळतात, पण कुठली किती फुगीर आहे ते कुणी लिहून ठेवत नाही. मी खिशात पट्टी आणि फीलर गेज घेऊन गेलो. बारा सेंटिमीटरच्या पट्टीखाली कड आणि मध्य यांत दीड मिलिमीटरचा फरक असेल तर त्रिज्या बाराशे मिलिमीटर. सहा मिलिमीटर असेल तर तीनशे, म्हणजे त्यात सगळं जग मुंगीएवढं. अमेरिकेत डावीकडे बसणाऱ्या ड्रायव्हरच्या पलीकडच्या बाजूला फुगीर आरसा लावायचा तर त्रिज्या ३५ ते ६५ इंच, म्हणजे साधारण ८९० ते १६५० मिलिमीटर हवी, आणि त्यावर ‘आरशात दिसतात त्यापेक्षा वस्तू जवळ आहेत’ अशा अर्थाचं वाक्य छापावं लागतं. मी बाराशेची निवडली. तिच्यात वीस मीटर मागचा सहा मीटरचा पट्टा दिसतो, दोनाचे सहा. पण फुकट काही मिळत नाही. मागची गाडीही तेवढीच आक्रसते, सपाट आरशात दिसली असती त्याच्या जेमतेम एक तृतीयांश. आणि लहान दिसलेली वस्तू आपलं मन लांब आहे असं समजतं.

ही भीती मला खरी वाटत होती, म्हणून आम्ही ती तपासली. गॅरेजमागच्या रस्त्यावर चुन्यानं पाच, दहा आणि वीस मीटरच्या रेघा मारल्या. आमचा पोरगा मोटारसायकल घेऊन मागून यायचा आणि गाडीत बसलेल्यानं, आता तो किती लांब आहे, ते फक्त डाव्या आरशात बघून सांगायचं. मालक पहिल्या दहा वेळा सारखा चुकत होता, दहा मीटरला वीस म्हणायचा. तासाभरानं चुका कमी झाल्या. आक्का मात्र बसल्या आणि म्हणाल्या, “ह्यात अंतर नाय कळत. आलंय का न्हाय, येवढंच कळतं.” त्या आरशाबद्दल याहून नेमकं मला कुणी सांगितलेलं नाही. तेव्हापासून मालकाला मी हेच शिकवलं. डावा आरसा कुणी आहे की नाही एवढंच विचारण्यासाठी. किती लांब, ते मान वळवून बघायचं.

चांदीच्या काचेबद्दलही एक शंका होती. चांदी पडलेल्या प्रकाशातला शंभरात पंचाण्णव भाग परत देते, क्रोमियमचा लेप साठ-पासष्टच. रात्री मागच्या गाडीचे दिवे चांदीच्या आरशातून डोळ्यांत घुसतात, क्रोमियमच्या आरशातून ते सोसवतात. मालक रात्री चालवणार असता तर मी उजवीकडे दुसरी काच दिली असती. पण ही गाडी रात्री बाहेर काढायची नाही असं घरात ठरलंय, म्हणून चांदी राहिली. क्रोमचा हट्ट मालकानं आपणहून सोडला. दोन्ही दांडे काळे रंगवले, फक्त पितळी कड्यांना निकेल दिलं. निकेलची झळाळी क्रोमपेक्षा किंचित पिवळसर, ऊबदार असते आणि या जुन्या हिरव्या रंगाशेजारी ती फार शोभते.

गाडी नेण्याच्या दिवशी आक्का पुन्हा आल्या. चालवायला पुतण्या बसणार होता, पण गॅरेजच्या फाटकापासून वळणापर्यंत, जेमतेम अर्धा किलोमीटर, गाडी त्यांनी घेतली. पुतण्या डावीकडे बसला, मी मागं हौद्यात उभा राहिलो. वळणावर दूधवाला डावीकडून पुढं आला. आक्कांनी डाव्या आरशाकडे पाहिलं की नाही मला मागून दिसलं नाही. पुतण्यानं मात्र खिडकीतून हात बाहेर काढून दारावर एक थाप मारली आणि गाडी थांबली.

परत आल्यावर मी दोन्ही गोळ्यांवर, क्लॅम्पच्या कडेला लागून, सुईच्या टोकानं दोन दोन बारीक खुणा कोरल्या. वरची मालकाच्या उंचीची, खालची आक्कांची. क्लॅम्प सैल करायचा, आरसा खुणेला आणायचा, पुन्हा आवळायचा. त्यासाठी लागणारा पान्हा डॅशबोर्डच्या कप्प्यात जुन्या गोळ्याशेजारी ठेवलाय.